फ्लोरेन्सचे तीन दिवस आणि आपली छत्री

कोल्हापूर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दल देशील त्या शिव्या मान्य आहेत. साखर आटोक्यात आहे, गुडघे नाहीत. आज लिहायला बसण्याचे कारण असे, की पुढच्या महिन्यात आम्ही फ्लोरेन्सला जात आहोत, आणि तुला सोडून जात आहोत.

वाट्याला रविवार, सोमवार आणि मंगळवार एवढेच आले आहेत. सोमवारी उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये बंद असतात. म्हणून सूनबाईने वहीत रकाने आखून रविवारी उफिझी, सोमवारी कॅथेड्रलचा घुमट आणि मंगळवारी अकादेमियातला मायकेलँजेलोचा डेव्हिड असे ठरवले आहे. घुमटाला ४६३ पायऱ्या असून लिफ्ट नाही; त्यावर "जोतिबा चढता ना?" एवढे म्हणून हिने माझे गुडघे निकालात काढले.

या रकान्यांत आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीला, म्हणजे तिथल्या त्यांच्या स्मारकाला, जागाच नव्हती. "बागेतल्या एका छत्रीसाठी अर्धा दिवस?" असे चिरंजीवांनी विचारले. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आपण पाच वर्षे काढली, ते महाराज रोमला वारले असे तू छातीठोकपणे सांगत होतास आणि मिसळीची पैज हरला होतास, हे त्याला काय सांगू? (ती मिसळ अजून येणे आहे.) विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, ते फ्लोरेन्समध्येच गेले, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ साली तिथेच छत्री उभी राहिली. परवा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डेव्हिडचा मूळ पुतळा अकादेमियात नेला तो १८७३ साली, म्हणजे तो आधी ज्या चौकात उभा होता तिथे महाराज फिरले असतील तर त्यांना तो उघड्यावर, पाऊस खात उभा दिसला असणार. आम्ही तिकीट काढून छपराखाली पाहणार.

शेवटी तोड निघाली. छत्री आहे त्या कास्चिने बागेत मंगळवारी सकाळी आठवडी बाजार भरतो, हे हिच्या कानावर घालताच अकादेमियाचे तिकीट आपोआप दुपारचे झाले. बाजार बागेच्या शहराकडच्या टोकाला आणि छत्री पार दुसऱ्या टोकाला, मध्ये जवळपास तीन किलोमीटर, हे मात्र अद्याप घरात फोडलेले नाही.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असेलच; धाकट्याच्या लग्नाची तारीख कळव. मंगळवारी संगमावरून फोन करीन. तुझ्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतील, झोपला असलास तरी उचल.

तुझा,
अण्णा