रिक्षातून भातशेती दाखवण्याच्या सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जावा सहलीतील 'मोटार-रिक्षातून खेडी आणि भातशेती' या जादा कार्यक्रमाचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मे महिन्यात आपल्या कंपनीबरोबर मी आणि माझे यजमान इंडोनेशियाला जाऊन आलो. बाकीच्या सहलीबद्दल फारसं म्हणणं नाही. बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप पाहिला, पाय दुखले, समाधान झालं. तक्रार योग्यकर्ता शहरातल्या एका दिवसाची आहे. त्यासाठी आपण माणशी ४,८०० रुपये वेगळे घेतले होते.

पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं देते : 'मोटार-रिक्षातून पाच तास खेड्यांची भ्रमंती, शेतकऱ्यांसोबत भातलावणी, शेतकऱ्याच्या घरी जेवण.' माझं माहेर कर्जत तालुक्यातलं, लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात मी लावणीला उभी राहिलेली. हा कार्यक्रम घ्यायचं कारण एवढंच.

आधी रिक्षा. पत्रकावर निळी तीनचाकी छापली आहे. ती जाकार्ताची. पुण्याच्या बजाजची रिक्षा तिथे इतकी रुळली की तिकडे रिक्षालाच 'बजाई' म्हणतात. योग्यकर्तात समोर आली ती 'बेंतोर' : पुढे दोघांपुरतं बाकडं, मागे मोटारसायकलचा अर्धा भाग आणि त्यावर चालक. बैलांच्या पुढे गाडी जुंपावी तसा प्रकार. धूळ, चिलटं आणि समोरून येणारा ट्रक, सगळं आधी प्रवाशाला भेटतं. मला मजा आली, ह्यांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. पण चित्र एकाचं आणि वाहन दुसरं, हे नोंदवून ठेवते.

आता पाच तासांचा हिशोब. बाटिकचं दुकान, १ तास १० मिनिटं. कोटागेडेत चांदीचं दुकान, ५० मिनिटं. मग उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी, जी आम्ही प्यालो नाही तरी तिथे ४० मिनिटं बसवलं. शेवटी एका हॉटेलच्या गच्चीवर नेलं. खाली कापणी झालेलं रिकामं खाचर, वर बदामाच्या आकाराची लाकडी चौकट, त्यात उभं राहून फोटो. हे झालं 'भातशेती दर्शन'. जेवण म्हणून खोक्यातला फ्राइड राइस. लावणीचं काय, असं विचारल्यावर आपला मार्गदर्शक म्हणाला, "मॅडम, आता हंगाम संपला."

मी गप्प बसले. आमच्याकडे मेमध्ये राब, म्हणजे रोपांची जागा, भाजून माणसं आभाळाकडे बघत असतात, तेव्हा म्हटलं असेल बाबा.

परतताना एका कालव्याच्या कडेला बेंतोरची साखळी तुटली. मार्गदर्शक वातानुकूलित गाडीत होता. "दुसरी पाठवतो" म्हणाला आणि गेला. दोन तास कोणीही आलं नाही. आपल्या कार्यालयाला मी तीन वेळा फोन केला, त्याच्या नोंदी सोबत आहेत.

हा कालवा म्हणजे सेलोकान मातारम. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात योग्यकर्ताचे सुलतान हामेंगकुबुवोनो नववे यांनी तो खोदून घेतला. आपल्या माणसांना जपान्यांनी वेठीला बाहेर नेऊ नये म्हणून त्यांना घरच्या जवळच काम लावून दिलं, असं तिकडे सांगतात. प्रोगो नदीपासून ओपाक नदीपर्यंत सुमारे ३० किलोमीटर. हे आपल्या मार्गदर्शकानं सांगितलं नाही, चालकानं मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. त्यांना आम्ही 'पाक' म्हणत होतो, म्हणजे आपलं काका.

पाकनी भाच्याला साखळी घेऊन यायला फोन केला आणि आम्हाला बांधावरून पलीकडे नेलं. तिथे त्यांच्या बहिणीचं खाचर होतं आणि त्यात सहा बायका लावणी करत होत्या! शेजारच्या खाचरात कणसं पिवळी पडलेली, त्यापलीकडे चिखलणी चाललेली. कालव्याचं पाणी असलं की तिथे वर्षातून दोन-तीन पिकं निघतात, त्यामुळे तीन बांधांच्या आत सगळे हंगाम उभे असतात. 'हंगाम संपला' हे सरळ खोटं होतं.

मी साडी खोचून उतरले. दाताळ्यासारखं लाकडी अवजार आडवं-उभं ओढून त्यांनी चिखलावर आधीच चौकटी आखल्या होत्या. आमच्याकडे अंदाजानं लावतात. बाकी सगळं तेच : डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्यानं दोन-तीन काड्या सुटवायच्या, अंगठ्यानं रोवायच्या, एक पाऊल मागे. लावणीला त्या 'तांदुर' म्हणतात. मला 'तांदूळ' ऐकू आलं आणि मी जोरजोरात मान हलवली. उभं पीक 'पादी', झोडून निघालं की 'गाबाह', कांडल्यावर 'बेरास', शिजल्यावर 'नासी'. आमच्याकडे शेतातलं ते भात आणि ताटातला तो भात, यावर कारभार भागतो.

पाकच्या आईनं घरातून 'आनी-आनी' आणून दाखवली. तळहातात मावणारं पातं, त्यानं एकेक कणीस खुडायचं. विळा दिसला तर भाताची देवी 'श्री' घाबरते, म्हणून पातं बोटांआड. आता कापणी विळ्यानंच होते, पण म्हातारीनं आनी-आनी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मग गोड चहा आणि उकडलेल्या शेंगा झाल्या. पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

म्हणजे पत्रकात आपण जे विकलंत ते आम्हाला मिळालं, पण आपल्याकडून नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकानं हसत सांगितलं की उशीर केल्याबद्दल त्या चालकाचे दिवसाचे पैसे कापले. शिवाय आमच्या बिलात 'थांबण्याचं शुल्क' म्हणून १,२०० रुपये लावले ते लावलेच. कोण कुठे थांबलं होतं, हे एकदा कळवावं.

माझी मागणी : दोघांचे ९,६०० रुपये आणि हे १,२०० रुपये, असे एकूण १०,८०० रुपये परत करावेत. त्या चालकाचे कापलेले पैसे द्यावेत आणि दिल्याची पावती मला पाठवावी. आमच्या पैशांइतकंच मी त्या पावतीला महत्त्व देते, तेव्हा एकावर भागवू नये. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, आणि ठाणे मला लोकलनं अर्ध्या तासावर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)

सोबत : पैसे भरल्याची पावती, पत्रकाची प्रत, फोनच्या नोंदी, लावणीचे ४ फोटो

ता. क. : पत्रकाच्या पान ४ वर 'जावामधील पिकलेली भातशेती' असा फोटो आहे. तो गहू आहे.