कासव उचललेला फोटो छापायला नको होता

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला लॉस एंजलिस ते लास वेगास प्रवासाचा लेख वाचला. वर्णन छान आहे. पण सोबतच्या फोटोत लेखकाचा मुलगा मोहावी वाळवंटातलं कासव छातीशी धरून उभा आहे आणि खाली ओळ आहे, 'वाळवंटातला नवा मित्र'. रात्रभर तो फोटो डोळ्यांसमोरून हलला नाही, म्हणून लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या भाच्याला मी जोशुआ ट्री नॅशनल पार्क दाखवायला नेलं होतं. एप्रिल होता. रस्त्याच्या कडेला एक कासव पिवळी फुलं खात होतं, तोंडाला हिरवा रस लागलेला. मी कॅमेरा काढेपर्यंत भाच्याने ते उचललं. कासवाने पाय आत ओढले आणि भाच्याच्या बुटांवर पाणी सोडलं. घाबरून मुतलं म्हणून आम्ही हसलो. वाळूवरचा ओला डाग बघता बघता वाळला. नंतर तिथल्या रेंजरबाईंनी समजावलं की ते त्याचं साठवणीचं पाणी होतं. पावसात प्यायलेलं पाणी हे कासव मूत्राशयात राखून ठेवतं आणि त्यावर वर्षभरसुद्धा काढतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते सांडलं तर जीव जाऊ शकतो. आमचं कासव जगलं की नाही, मला कधीच कळणार नाही.

१९९० पासून या कासवाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. त्याला उचलणं, त्रास देणं गुन्हा आहे. मादी अंडी घालण्याजोगी व्हायला १३ ते २० वर्षं लागतात. पिल्लाचं कवच पहिली काही वर्षं मऊ असतं, तोवर रेव्हन नावाचे थोराड कावळे ते फोडून खातात. माणसांच्या कचऱ्यावर, खरकट्यावर हे कावळे बेसुमार वाढले आहेत आणि आपले लेखक त्यांना उरलेले ठेपले घातल्याचं कौतुकाने सांगतात! मोहावीतल्याच इव्हान्पाच्या सौरप्रकल्पामुळे 'ओसाड जमीन कामी आली' असंही लिहिलंय. ती जमीन ओसाड नव्हती. सुमारे ३,५०० एकरांच्या त्या प्रकल्पासाठी तिथली कासवं हलवावी लागली होती.

याच पुरवणीत कोकणातल्या वेळासच्या समुद्री कासवांवर लेख आला, तेव्हा 'पिल्लांना हात लावू नका' अशी चौकट तुम्ही आवर्जून छापली होती. मग मोहावीतल्या कासवाच्या वेळी ती का सुटली? तेव्हा मी समुद्री आणि जमिनीवरच्या कासवांतल्या फरकाबद्दल दुरुस्ती पाठवली होती, तीही छापली नाहीत.

निदान ई-पेपरवरून तो फोटो आजच काढा. सुट्टीत इकडे येणारी कितीतरी मराठी कुटुंबं याच रस्त्याने जातात. त्यांच्यासाठी एवढं तरी छापा : कासव दिसलं तर लांबूनच बघा. आणि उन्हात उभी केलेली गाडी सुरू करण्याआधी वाकून चाकांखाली बघा, सावलीला ते तिथे येऊन बसतं.

आपली,
एक नियमित वाचक
पामडेल, कॅलिफोर्निया