कलिंगडाचा बाप कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या राक्षसी कलिंगडांवर अर्धं पान दिलंत, फोटो एक नंबर होता, कलिंगड आडवं ठेवलंय आणि शेजारी उभा माणूस बारका दिसतोय. आमच्या घरात तो पेपर अजून रद्दीत गेलेला नाही, नातवानं लपवून ठेवलाय. पण लेखाच्या शेवटी जे लिहिलंय ना, की आपल्या शेतकऱ्यांनीही सगळ्यात मोठ्या फळाचं बी राखून पेरत जावं म्हणजे फळ दरवर्षी मोठं होत जाईल, तिथं माझी गाडी अडली. म्हणून हे पत्र. मी काय शास्त्रज्ञ नाही, तासगाव भागातला द्राक्षवाला आहे, कलिंगड हा माझा नाद.

आधी आकडे, कारण लेखात ते गोलमाल आलेत. गिनीज बुकात गेलेलं कलिंगड 2013 सालचं, टेनेसी राज्यातल्या सेव्हिअरव्हिल गावच्या ख्रिस केंट यांचं, वजन 350.5 पौंड म्हणजे 159 किलो. त्याच्या आधी या नादातलं मोठं नाव अर्कान्सासमधल्या होप गावच्या ब्राइट घराण्याचं, त्यांचं 2005 चं फळ 268.8 पौंडाचं होतं. होप म्हणजे बिल क्लिंटन जन्मले ते गाव, तिथं कलिंगडाची जत्राच भरते. जात कुठली तर कॅरोलिना क्रॉस, लांबुळकी, फिकट हिरव्यावर गडद पट्टे. आता गंमत बघा, 2005 पासून 2013 पर्यंत वजन एवढं चढलं ते नुसतं मोठ्या फळाचं बी राखून चढलेलं नाही.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली बोराएवढं लवदार कलिंगड आधीच लागलेलं असतं, त्यावरून लगेच ओळखू येतं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं ते कायमचं, तेवढ्या वेळात मधमाशी कुणाच्या रानातला पराग आणून टाकेल ते तिलाच माहीत. म्हणजे तुम्ही राखलेल्या बियांची आई तुम्हाला माहितीय, बाप माहीत नाही. आणि फसायला होतं ते इथंच, कारण त्या वर्षीच्या फळावर बापाचा रंग दिसत नाही, साल-गर सगळं आईचं असतं, बाप दिसतो तो बी पेरल्यावर पुढच्या वर्षी. तोवर आपण गावभर सांगून मोकळे झालेलो असतो.

आमच्या खरसुंडीच्या बाजारात खिल्लार खोंड घेताना माणूस आधी विचारतो, वळू कुठला? गाय कितीही देखणी असू दे. कलिंगडाच्या बाबतीत हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तिकडचे लोक विचारतात! त्यांच्याकडं बियांना चक्क आडनाव असतं, आधी फळाचं वजन, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल, म्हणजे त्या विक्रमी फळाचं बी असेल तर 350.5 केंट 2013. आणि त्यापुढं आई कुठली, पराग कुठल्या वेलाचा याची नोंद. आदल्या संध्याकाळी उमलायच्या बेतातलं मादी फूल बांधून ठेवायचं, नर फूलही बांधायचं, सकाळी नराच्या पाकळ्या काढून पुंकेसर मादीवर फिरवायचे आणि फूल परत बांधून दोरा अडकवायचा. एवढं सगळं एका फळासाठी, आणि वेलावर ठेवायचं तेवढं एकच, बाकीची खुडून टाकायची.

आता तुमच्या लेखात गोव्यातल्या पर्राच्या कलिंगडांची गोष्टही होती, ती मनोहर पर्रीकर सांगायचे आणि आता सगळ्यांना फॉरवर्डमुळं पाठ आहे. पर्रा गावचा म्हातारा शेतकरी पोरांना सगळ्यात मोठी कलिंगडं फुकट खायला द्यायचा, बिया तेवढ्या भांड्यात थुंकायच्या, त्याच पुढं पेरायच्या. पुढं त्याच्या मुलानं मोठी फळं बाजारात विकायला काढली, बारकी पोरांपुढं ठेवली आणि काही वर्षांत पर्राचं कलिंगड बारीक झालं. पर्रीकरांना त्यातून शिक्षणाबद्दल बोलायचं होतं, ते बरोबरच आहे. पण शेतीच्या अंगानं बघितलं तर माझ्या मते म्हाताऱ्याची युक्ती चालली त्याचं कारण त्याच्या रानात आणि शेजारीपाजारीही तीच गावठी जात असणार, मधमाशीनं कुठूनही पराग आणला तरी बाप भाऊबंदातलाच. आज माझ्या बांधाच्या चारी बाजूला हायब्रीड आहे. त्यात मी मोठं फळ राखून काय दिवे लावणार? आणि हायब्रीडचं बी राखलं तर पुढच्या पिढीत एकाचं तोंड इकडं एकाचं तिकडं. बिनबियाच्या कलिंगडाला तर राखायला बीच नाही, त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच, साध्यात 22 असतात तिथं याच्यात 33, त्याचं गणितच जुळत नाही.

कलम हा शब्द तर अख्ख्या लेखात कुठंच नाही. आम्हा द्राक्षवाल्यांना खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळाचं झाड, काय असतो ते शिकवायला नको, डॉगरिज हा टेक्सासकडचा रानटी वेल, त्याच्यावर आमची थॉम्पसन आणि तास-ए-गणेश द्राक्षं उभी, क्षार झेलतो तो आणि नाव होतं वरच्याचं. कलिंगडात हेच जपान्यांनी 1920 च्या दशकात सुरू केलं, मर रोगानं वेल बसायला लागले म्हणून भोपळ्याच्या मुळावर कलिंगड चढवलं, आज जपान आणि कोरियात बहुतेक कलिंगड कलमीच असतं. राक्षसी फळवाल्यांनी ते उचललं कारण दुधीचं किंवा संकरित भोपळ्याचं मूळ दांडगं, पाणी-खत ओढतं आणि वेल लवकर दमत नाही. पण लक्षात घ्या, खुंटाची ताकद बियात उतरत नाही. कलमी वेलाच्या मोठ्या फळाचं बी साध्या मुळावर पेरलं तर ती ताकद खालीच राहिली की.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या वर्षी मीही ऑनलाइन ‘जायंट’ म्हणून दहा बिया तीनशे रुपयाला घेतल्या, पाकिटावर फोटो असा की ट्रॉलीतून न्यावं लागेल. कलिंगड आधी पेरलं, चार-पाच दिवसांनी दुधी, कारण दुधी भसाभसा वाढतो. दुधीचा शेंडा आणि एक बीजपत्र ब्लेडनं तिरकं कापायचं, एक बीजपत्र ठेवायचं, कलिंगडाचं रोप तसंच तिरकं कापून त्याला चिकटवायचं आणि चापानं धरायचं. चाप बायकोचे, केसांचे बारके, त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. मग झाकणाच्या डब्यात ओल धरून तीन दिवस अंधारात. सात जगले. त्यातल्या एकाचा दुधीचा शेंडा माझ्याकडून पुरता निघाला नव्हता, मला पत्ताच नाही, वेल जोरात, मी खूश, आणि एक दिवस संध्याकाळी बघतो तर पांढरं फूल! कलिंगडाचं फूल पिवळं आणि सकाळचं. तीनशे रुपयाच्या बियाण्यावर मी दुधी पिकवला, भाजी चांगली झाली. बाकीच्या सहांवर फळं आली ती गोल, गडद हिरवी, पाच किलोच्या आतली, म्हणजे बाजारात मिळतात तीच.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, तुमची जमीन हलकी असेल.

म्हणून संपादक साहेब, विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी कुणी मोठ्या कलिंगडाचा फोटो घेऊन तुमच्याकडं आलं, इथलं असो नाहीतर परदेशातलं, तर तुमच्या बातमीदाराला तीन गोष्टी विचारायला सांगा: फूल बांधलं होतं का, खुंट कशाचा, वेलावर फळं किती ठेवली. वजन चौथं विचारलं तरी चालेल. तुमच्या लेखानंतर इकडं दोघा-तिघांनी असली पाकिटं मागवलीत, आणि त्यातल्या एकानं तर ती दहा गुंठ्याला लावायचं ठरवलंय, जिथं व्यापारी तीन-चार किलोच्या वरचं कलिंगड घ्यायला नाक मुरडतो.

मी यंदा दोन फुलं बांधलीत. एक दोऱ्यासकट खारीनं नेलं. दुसरं सध्या लिंबाएवढं आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली