साहेब, तो फ्लेक्स तरी उतरवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

८ मार्चला आमच्या गावात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होणार, असा फ्लेक्स लागला. त्यावर आपला हसरा फोटो. चाळीसेक बायका अडीच वाजेपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसल्या. डॉक्टर आलेच नाहीत. आशाताई बिचाऱ्या तोंड चुकवत होत्या.

मी फक्त बायकांना घेऊन गेले होते. माझं निदान आधीच झालंय. तिसरी स्टेज, किरणोपचाराचे पंचवीस शेक, तेही एसटीने जाऊन-येऊन. वय ४३. जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे अडाणी नाही. चार वर्षं अंगावरून पांढरं जात होतं, वास यायचा. दर वेळी गोळ्या. "बायकांना असतंच ते." टेबल होतं, पडदा होता, आत बघायला कुणाला दोन मिनिटं नव्हती.

आता वाचत बसते. योनीत लॅक्टोबॅसिलस असतात, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद; ते आंबटपणा राखतात. ते कमी झाले की गार्डनेरेलासारखे दुसरे माजतात, सूज रेंगाळते. एरवी बहुतेकींच्या संरक्षक पेशी एचपीव्हीला, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूला, दोनेक वर्षांत हुसकावतात. अशा वेळी त्यांचं काम बिघडतं आणि विषाणू मुक्काम ठोकतो. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, मान्य. मला त्यानेच झाला असंही म्हणत नाही. पण त्या निमित्ताने कुणी बघितलं असतं तर?

आणि जिल्हा कुठला, साहेब? धाराशिव! १९९९ पासून इथल्याच १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केली तरी मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला आमच्या बायकांमुळे कळलं. त्या अभ्यासात कुठल्या गावांत कुठली तपासणी, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरलं; माझ्या आत्याच्या गावाला तर 'तपासणी नाही' हा गट आला होता. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती चाचणी आजही नाही. देशात वर्षाला सव्वा लाख बायकांना हा रोग होतो. तुमच्यासाठी हेलिपॅड रातोरात होतं. आमच्या तपासणीच्या दिव्याचा बल्ब दोन वर्षं 'मागणी पाठवली आहे'. पुरुषांना होणारा रोग असता तर प्रत्येक पंचायत समितीत यंत्र असतं.

तिशीपुढच्या प्रत्येकीची एचपीव्ही चाचणी करा. तोवर निदान गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून डाग दिसतो का ते बघणारी एक शिकलेली नर्स द्या. समिती नेमू नका.

आणि फ्लेक्सखाली आता शेरडं बांधतात. तेवढा उतरवायला सांगा.

आपल्या जिल्ह्यातली एक शिक्षिका