लेखनिक शोधताना

पुणे,
12 जानेवारी

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि त्याच रात्री उत्तर लिहायला बसले. लातुरातल्या अंध मुलांसाठी परीक्षेचे लेखनिक, म्हणजे ती सांगतील ती उत्तरं लिहून देणारी माणसं, गोळा करायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. पण ‘काळजाला हात घालणारं आवाहन लिहिलं, गावभर फिरवलं, तरी कुणी येईना, माणसांची मनंच आटलीत’ हे मात्र मला पटलं नाही.

मनं आटलेली नाहीत रे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा कुठून कुठून लोक धावून आले ते तू डोळ्यांनी पाहिलंस. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच झालं. आणि तरुणांना वेळ नाही म्हणतोस, तर गणपतीच्या आधी इथे नदीपात्रात ये. ढोल-ताशा पथकांचा सराव आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी चालतो. कॉलेज, नोकरी उरकून मुलं-मुली येतात, हाताला फोड येईस्तोवर वाजवतात. त्यांना आवाहन करून कुणी आणलेलं नसतं. मैत्रीण घेऊन गेलेली असते, जागा नि वेळ पक्की असते, शिकवणारा असतो, आणि एक दिवस दांडी मारली तर ‘का नाही आलीस?’ म्हणून फोन येतो. आपल्या संस्थांमध्ये यातलं काय असतं?

त्यात आपलं काम अडचणीचं. ‘नुसतं लिहायचंच तर असतं’ असं लोकांना वाटतं. तीन तासांच्या पेपरला अंध विद्यार्थ्याला तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे चार तासांची बैठक झाली. जाण्यायेण्यासकट दिवस गेला, तोही कामाचा वार. शिवाय 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत असं ठरलं, की विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा. नक्कल टाळायला ते योग्यच आहे, पण परिणाम बघ. ज्यांच्याकडे वेळ आहे ते निवृत्त शिक्षक, बँकवाले नियमात बसत नाहीत. बसतो तो नववीतला, अकरावीतला, फार तर एफवाय-एसवायचा मुलगा, आणि त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर आलेली असते. त्याची आई नाही म्हणाली, तर तिला निर्दय कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट तर कुणी बोलतच नाही. आमच्याकडे लेखनिक म्हणून येणारी बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. मनाने अतिशय चांगली, पण मराठीत भराभर लिहिता येत नाही. इतिहासाचा पेपर मराठीतून सांगणारी मुलगी घडाघडा बोलते आणि लिहिणारा ‘दुष्काळ’मधल्या ‘ष्का’पाशी अडतो. घड्याळ तिचं पळतं, गुण तिचे जातात. त्यासाठी आधी सराव करून घ्यावा लागतो, आणि सराव घ्यायला माणूस लागतो.

माझ्या मते सगळ्या संस्थांची खरी गोम इथेच आहे. स्वयंसेवकांना सांभाळणं हे कुणाच्या तरी नावावरचं काम असायला हवं, आणि ते कुणाच्याच नावावर नसतं. देणगीदार विचारतात, किती मुलांना लाभ झाला? लेखनिकांना फोन करणाऱ्या ताईच्या पगाराला पैसे द्यायला मात्र फार थोडे तयार होतात. मग काय होतं, एक मुलगी उत्साहाने फॉर्म भरते, तिला महिनाभर कुणी फोन करत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला फोन जातो, ‘उद्या सकाळी येशील का?’ ती नाही म्हणते. मग तिचं नाव वहीतून जातं आणि ‘हल्लीच्या मुलांना बांधिलकी नाही’ असं सभेत बोललं जातं. याचा मला फार राग येतो, अनिल.

तू आवाहन फिरवणं थांबव. वेळापत्रक हातात घे आणि एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अकरावीच्या वर्गात उभा राहा. ‘मदत करा’ म्हणू नकोस. अमुक तारीख, अमुक केंद्र, इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत, आणि जिच्यासाठी लिहायचं ती ही, असं सांग. मुलीला सोबत ने, तिलाच बोलू दे. पालकांना आधी भेट. रिक्षाचे, एसटीचे पैसे संस्थेने द्यावेत. वसतिगृहातल्या पोराच्या खिशातून ते जाता कामा नयेत. प्रत्येक पेपरला एक जण राखीव ठेव, कारण ताप कुणालाही येतो. आणि निकाल लागला की लेखनिकाला तो त्या मुलीकडूनच कळला पाहिजे. आपण दोघं एनएसएसमध्ये रमलो, ते शिबिरात देशमुख सर संध्याकाळी प्रत्येकाच्या नावानिशी केलेल्या कामाबद्दल विचारायचे म्हणूनच ना?

निवृत्त मंडळींना परत पाठवू नकोस. पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला त्यांच्यासारखी माणसं नाहीत. मराठी जुन्या वळणाचं, उच्चार स्वच्छ, घाई नाही. मुलांचा लेखनसरावही त्यांच्याकडेच सोपव.

बारावीचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतील, हातात दिवस थोडे आहेत. तुझ्याकडच्या मुलांची यादी विषयांसकट पाठव. गणिताला कोण बसणार ते आधी कळव, त्याची चिन्हं सांगायची-लिहायची तालीम वेगळी घ्यावी लागते. आमच्या संस्थेतल्या दोन मुली लातूरच्याच आहेत, सुट्टीला घरी आल्या की तुझ्याकडे येऊन ती करून दाखवतील.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
मीना