समासातल्या टिपणांचे मोल

महोदय,

बडोदे संस्थानात दीर्घकाळ नोकरी केलेल्या रियासतकार गो. स. सरदेसाई यांना निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले, ते रुमालांत बांधलेले मोडी कागद टिकून होते म्हणूनच. माझ्या आजोबांचे, म्हणजे संस्थानी काळातील एका न्यायाधीशाचे, कागद मात्र माळ्यावर कसरीने खाल्ले. वतनाच्या एका दाव्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने मांडलेली वंशावळ तेवढी शाबूत राहिली. निकालपत्र एखादे वेळी सरकारी दप्तरात मिळेल, ही टिपणे दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. बडोद्यातील मराठी घरांनी असे कागद रद्दीत देण्यापूर्वी मोडी जाणकाराला दाखवावेत आणि ते स्वीकारणाऱ्या ग्रंथालयाने मूळ क्रम न मोडता त्यांची यादी करावी, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा