४१० ग्रॅम सांगून विकलेला ६५५ ग्रॅमचा बंदुकीचा दस्ता, त्याला गेलेली चीर आणि तुमच्या ग्राहक सेवेचं गणित

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा, पुणे कार्यालय

महोदय,

तुमच्या केंद्राशी पाचवा फोन आत्ताच संपला. खरं तर तो समोरून संपवण्यात आला. इथे अलास्कात, फेअरबँक्समध्ये, रात्रीचे साडेनऊ आहेत, तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा. "लेखी द्या, मराठीत दिलंत तरी चालेल, वरचे साहेब मराठीच आहेत," असं मला सांगितलं गेलं. म्हणून मराठीत लिहितोय. निदान उच्चार कळला नाही ही सबब तरी आता उरणार नाही.

रेमिंग्टन ८७० या बंदुकीसाठी कार्बन फायबरचा, म्हणजे खांद्याला टेकवायचा, दस्ता तुम्ही एकच बनवता, त्यामुळे कोणता ते सांगायला नको. जाहिरातीत वजन ४१० ग्रॅम. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६५५. काटा बिघडला असेल म्हणून पोस्टात नेला. तिथेही ६५५. दुसऱ्या फोनवर उलगडा झाला: ४१० ग्रॅम हे नुसत्या पोकळ कवचाचं वजन. मागची रबरी गादी, आतला लांब बोल्ट आणि पट्टा अडकवायची कडी त्यात धरलेली नाही. बोल्ट वगळला तर दस्ता बंदुकीला बांधायचा कशाने, सुतळीने?

मी भूगर्भशास्त्रज्ञ आहे. दर उन्हाळ्यात उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेत दगडांचे नमुने गोळा करायला जातो. बेटल्सपर्यंत छोटं विमान, तिथून तळ्यावर उतरणारं त्याहून छोटं, आणि पुढे पाय. वैमानिक सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं करतो. गवताचे डुलणारे गठ्ठे आणि मध्ये पाणी, अशा जमिनीवरून दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालायचं. येताना पाठीवर दगड वाढलेले. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, कमरेला असतोच, पण तंबूजवळ तपकिरी अस्वल आलं आणि वारा आपल्याच तोंडावर असला तर दुसरा उपाय हाताशी हवा म्हणून ही बाराबोअरची बंदूक. हौस म्हणून कोणी तीन किलो दोनशे ग्रॅमचं लोखंड डोंगरावर वाहत नाही.

हे वजन कमी करायचं तर कुठून, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या प्रतिनिधींना मलाच शिकवावं लागलं. ८७० चा मधला सांगाडा पोलादाचा, त्याला हात लावता येत नाही. नळी माझी साडेअठरा इंची, आणि अठरा इंचांखाली गेली की अमेरिकेचा १९३४ चा केंद्रीय कायदा आडवा येतो. उरतो दस्ता. माझा जुना लाकडी दस्ता ८५० ग्रॅमचा. तुमच्या जाहिरातीप्रमाणे ४४० ग्रॅम वाचायला हवे होते, वाचले १९५. "मग ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची बंदूक घ्या," असं तिसऱ्या फोनवरचे गृहस्थ म्हणाले. तशा बंदुका मिळतात, मला माहीत आहे. पण चपलेचा अंगठा तुटला म्हणून गेलेल्या माणसाला पाय बदला म्हणून सांगत नाहीत.

आता चीर. शहराजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर एक औंसाच्या स्लगची, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जड गोळी असलेली, अकरा काडतुसं उडवली. अकराव्याला गालाजवळ टक् असा बारीक आवाज आला. बंदूक रिकामी केली, दस्ता पुसला, डोळ्यांना काही दिसेना. मग अंगठ्याचं नख फिरवलं तर मुठीच्या वर, बोल्ट जिथे बसतो तिथे, नख अडकलं. केसाएवढी चीर, आणि दाबली की काजळासारखी काळी भुकटी बोटाला लागते. हमी पाच वर्षांची होती. अकरा काडतुसं म्हणजे पाच वर्षं, असा काही तुमचा हिशोब असेल तर कळवावं.

माझ्या आजोबांकडे सावंतवाडीकडच्या गावी ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ता तांब्याच्या तारेने आवळलेला होता. तो त्यांच्यानंतरही शाबूत होता. त्याची जाहिरात मात्र कोणी केली नव्हती.

आणि आता तो पाचवा फोन. मला संयमाने लिहायचं आहे, म्हणून जसं झालं तसंच लिहितो.

इंग्रजीत वीस मिनिटं गेल्यावर माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "काका, तुम्ही मराठी का?" मला बरं वाटलं. वाटलं, आता आपलं माणूस भेटलं. मी पहिल्यापासून सांगितलं. ४१०, ६५५, फरक २४५ ग्रॅम. त्या म्हणाल्या, "एवढाच ना काका? कणकेच्या दोन मुठी." मी म्हणालो, बाई, माझं एक काडतूस ४६ ग्रॅमचं, म्हणजे हा फरक पाच काडतुसांचा आहे. पलीकडे बटणांचा आवाज आला. खरंच गणकयंत्र काढलं होतं. "बरोबर काका, पाच पूर्णांक तीन. मग पाच काडतुसं कमी न्या ना. वजन जुळतं."

मी गप्प झालो. होकार समजून त्या पुढे म्हणाल्या, "आणि अस्वल रोज थोडंच येतं?"

महोदय, रोज येत नाही. घराला आगही रोज लागत नाही.

यानंतर विचारलं गेलं, बंदूक कुठे वापरणार. मी सरळ माणूस, ब्रूक्स रांगेत म्हणालो. लगेच कलम वाचून दाखवण्यात आलं: दुर्गम भागातल्या वापरासाठी हमी लागू नाही. मी सांगितलं की चीर मैदानावर गेली, दस्ता अजून दुर्गम भागात पोचलेलाच नाही. "पण तुमचा हेतू तसा होता ना, काका." हेतू! तुमच्या जाहिरातीतला दाढीवाला गडी बर्फाळ शिखरासमोर उभा आहे, त्याचा हेतू काय होता? की ते शिखर जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानासारखं मागे उभं केलेलं आहे?

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला बंदूक कधी दाखवलीही नसेल. राग तुमच्यावर आहे, कारण तुम्हाला सगळं माहीत आहे. ४१० मध्ये बोल्ट नाही हे माहीत आहे. "वजन निम्मं, धक्काही कमी" हे तुमचं वाक्य खोटं आहे हेही माहीत आहे. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून उडवलं की धक्का वाढतो. माझी बंदूक खरोखर ४४० ग्रॅमने हलकी झाली असती तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी वाढली असती. ते मला चाललं असतं, खांदा माझा आहे. खोटं चालत नाही. आणि पुन्हा सांगतो, बोल्टशिवायचं वजन हे दस्त्याचं वजन नव्हे.

पूर्ण रक्कम परत हवी आहे, बदली दस्ता नको. १५ दिवसांत झालं नाही तर बँकेकडून कार्डावरचा व्यवहार उलटवून घेईन आणि अलास्काच्या कायदा खात्यातल्या ग्राहक संरक्षण विभागाकडे काट्यांच्या फोटोंसकट तक्रार देईन. इथल्या आमच्या मंडळींत तुमच्या कंपनीचं नाव मीच आणलं होतं, तेही मीच मागे घेईन. हे जास्त लागतंय.

२ जुलैला निघतोय. बंदुकीला जुना लाकडी दस्ता परत बसवला आहे आणि काडतूस एकही कमी केलेलं नाही. तुमचा दस्ता आज पोस्टाने परत पाठवला. खोक्यासकट वजन ८१० ग्रॅम भरलं, पावती या पत्रासोबत आहे. खोक्याचं वजन तुम्ही वजा करालच. वजा करण्यात तुमचा हात कोण धरणार!

आपला,
अजून दोन आठवडे ग्राहक